आमच्या हॉलमधला कूलिंग टॉवर



गेल्या महिन्यात एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. पुरणपोळी झाल्यावर त्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "काका, तुम्ही कॉम्प्युटरमध्ये पाणी भरलंय म्हणे?" मी हो म्हणालो. त्यावर आतून त्याच्या वडिलांचा आवाज आला, "त्याला काही सांगू नकोस रे, आधीच डोक्यात भूत शिरलंय." म्हणून हे लिहितोय. मुलासाठी, आणि वडिलांसाठीही, कारण बिल त्यांनाच भरायचंय :-)

तर ही २०२३ सालची गोष्ट. आम्ही डॅलसच्या शेजारी अर्विंगला वन-बेडरूममध्ये राहायचो. मी, बायको आणि तीन वर्षांची मुलगी. त्या वर्षी जानेवारीत एका सकाळी आमच्या टीममधल्या अठरा जणांपैकी सात जणांचे बॅज बंद झाले. मी वाचलो. एच-वन-बीवर असलेल्यांना पुढचं सांगायला नको. नोकरी गेली की ६० दिवस, तेवढ्यात दुसरी शोधा नाहीतर बिऱ्हाड आवरा. मी दहा-बारा वर्षं डेटाबेस सांभाळणारा माणूस, आणि माझं बरंचसं काम आता आपोआप होतं हे मला माझ्या मॅनेजरच्या आधी कळलं होतं. म्हटलं, मशीन लर्निंग शिकायचं. दिवसा हापिस, रात्री अभ्यास, आणि झोपताना कॉम्प्युटरला मॉडेल शिकवायला बसवायचं, ते सकाळपर्यंत चालणार.

त्यासाठी ग्राफिक कार्ड लागतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथिरियमने मायनिंगची पद्धतच सोडून दिली आणि मायनिंग करणाऱ्यांची ढिगाने कार्डं जुन्या बाजारात आली. त्यातलं एक आरटीएक्स ३०९० मी ७०० डॉलरला घेतलं. मेमरी २४ जीबी, वीज खाणार ३५० वॅट. प्रोसेसर माझा आधीचा, सोळा कोरचा रायझन ५९५० एक्स, तो पूर्ण भरात १४० वॅटच्या आसपास खातो. म्हणजे पोळ्यांच्या तव्याखालची छोटी शेगडी रात्रभर हॉलमध्ये चालू ठेवल्यासारखं.

३०९० ची एक खोड आहे. त्याच्या मेमरीच्या २४ चिपांपैकी १२ कार्डाच्या पाठीवर बसवलेल्या आहेत, आणि पंख्याचा वारा मिळतो पुढच्या बाजूला. माझ्याकडे त्या चिपा १०६ डिग्री सेल्सिअसवर जायच्या. ११० च्या तोंडाशी कार्ड स्वतःच वेग कमी करून जीव वाचवतं. त्यामुळे व्हायचं काय, की पंखे बोंबलत असायचे आणि काम मात्र रेंगाळत चाललेलं असायचं.

त्यात मे महिन्यात अण्णा आले.

आई येणार नव्हती, बहिणीचं बाळंतपण होतं. अण्णा एकटेच, सहा महिन्यांसाठी. वन-बेडरूममध्ये पाहुण्याची जागा कुठली असते ते तुम्हाला ठाऊकच आहे: हॉलमधला सोफा-कम-बेड. आणि त्याच्यापासून चार फुटांवर माझं टेबल, टेबलाखाली ते धूड. पहिल्या रात्री मी कॉम्प्युटर बंद केला. दुसऱ्या रात्री म्हणालो, "अण्णा, थोडा आवाज होईल." ते म्हणाले, "होऊ दे की." पण म्हातारा माणूस भिडेपोटी बोलत नसेल असं मनात धरून मी ठरवून टाकलं, वॉटर कूलिंग करायचं.

(इथेच कबूल करतो. शहाण्या माणसाने काय करावं? एका सेटिंगमध्ये जाऊन कार्डाची वीज ३५० वरून २८० वॅटवर आणावी. मी नंतर मोजून पाहिलं, वेग जेमतेम पाच-सात टक्के घटतो आणि आवाज निम्मा होतो. पाच मिनिटांचं काम, फुकट. हे मला सामान मागवून झाल्यावर कळलं.)

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रोसेसरवर आणि ग्राफिक कार्डावर तांब्याचा एकेक पोकळ ठोकळा बसवायचा, त्याला ब्लॉक म्हणतात. त्याच्या आत केसासारख्या बारीक खाचा असतात, त्यातून पाणी जातं. पाणी तिथली उष्णता उचलतं, नळीतून रेडिएटरमध्ये जातं, तिथे पंखे त्याला वारा घालतात, आणि पंप ते पुन्हा फिरवतो. मोटारीच्या इंजिनात असतं तेच. यात नवीन काही नाही, आयबीएमचं १९६० च्या दशकातलं सिस्टिम ३६० मॉडेल ९१ पाण्यावरच थंड व्हायचं. घरगुती हौशी लोकांनी हे सुरू केलं साधारण २००० च्या आसपास, तेही भंगारातून आणलेला मोटारीचा हीटर कोअर आणि माशांच्या टाकीचा पंप लावून. मी तेव्हाच्या औरंगाबादला इंजिनियरिंगला असताना सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये मोजून त्यांचे फोटो बघत बसायचो. आपल्याकडे मोटार नव्हती, हीटर कोअर कुठून आणणार! आता सगळं तयार मिळतं. ठोकळे, नळ्या, जोड, सगळ्याला एकाच मापाचे आटे. फक्त पैसे मोजायचे.

खोकी आली तेव्हा मी हापिसच्या कॉलवर होतो. वर आलो तर अण्णांनी चष्मा लावून सगळं सामान चादरीवर मांडून ठेवलेलं. अण्णांबद्दल सांगायचं राहिलं. परळीच्या थर्मलमध्ये ते टर्बाइन मेंटेनन्सला फिटर म्हणून लागले, ८२ साली, आणि २०१८ ला रिटायर झाले. ३६ वर्षं २१० मेगावॅटच्या संचांची नळं, पंप, व्हॉल्व्ह, गॅस्केटं. मला हे अर्थातच माहीत होतं. पण माझ्या टेबलाखालच्या डब्याचा आणि त्यांच्या नोकरीचा काही संबंध असेल हे सांगतो, खरंच, डोक्यात आलं नव्हतं.

"हे काय करायलास?" त्यांनी विचारलं. मी सांगायला लागलो. दोन वाक्यं झाल्यावर त्यांनी हात वर केला. "म्हणजे कंडेन्सर. आणि हा कूलिंग टॉवर." रेडिएटर उचलून म्हणाले. मग एक रेडिएटर खाली ठेवला, दुसरा उचलला. परत पहिला उचलला. "ह्यो हलका कामून?"

दोन्ही ३६० मिलिमीटरचेच होते, तीन-तीन पंख्यांचे. एक चांगल्या ठिकाणाहून घेतलेला. दुसरा स्वस्तात मिळाला होता, तीस डॉलर कमी, आणि विकणाऱ्याने तांब्याचा म्हणून लिहिलं होतं. मी म्हटलं, कंपनी वेगळी आहे, असेल हलका. अण्णांनी किल्लीच्या टोकाने आतल्या कडेला जरा खरवडलं. रंगाखाली पांढरंफेक निघालं.

"अ‍ॅल्युमिनियम आहे. ठोकळा तांब्याचा ना तुझा? तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एका पाण्यात ठेवलं की बॅटरी झाली ती. अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकणार. सहा महिन्यात पांढरा गाळ होईल, अन् तुझ्या त्या बारीक खाचा बंद."

मला हे पुस्तकात वाचून माहीत होतं. गॅल्व्हॅनिक करोजन, दुसऱ्या सेमिस्टरला होतं, मार्कही बरे होते. पण मी दोन धातू हातात घेऊन वजनाने ओळखू शकत नाही. तो रेडिएटर परत पाठवला, तांब्याचा मागवला, यात दहा दिवस गेले. हे दहा दिवस लक्षात ठेवा, पुढे महाग पडले.

त्या दहा दिवसांत अण्णांनी माझी रोज संध्याकाळी चौकशी केली. पाणी कुठून कुठे जातं? मी कागदावर काढून दाखवलं. पंप, मग ग्राफिक कार्ड, मग वरचा रेडिएटर, मग प्रोसेसर, मग पुढचा रेडिएटर, मग टाकी, मग परत पंप. प्रत्येक गरम वस्तूनंतर एक रेडिएटर, म्हणजे पुढच्याला थंड पाणी. या क्रमासाठी मला नळ्या अशा काही वळवाव्या लागत होत्या की जिलबी बरी. अण्णांनी विचारलं, एकूण वॅट किती? म्हटलं, धरा ५००. पंप मिनिटाला किती पाणी फिरवतो? या सगळ्या अडथळ्यांतून, चार लिटर. त्यांनी विजेच्या बिलाचा लिफाफा उलटा केला.

"५०० वॅट म्हणजे तासाला ४३० किलोकॅलरी. पाणी तासाला २४० लिटर. भाग." भागलं. १.८ डिग्री. "म्हणजे तुझं पाणी पूर्ण फेरा मारून आलं तरी सगळ्यात गरम आणि सगळ्यात थंड जागेत दोन डिग्रीचासुद्धा फरक नाही. मग पहिलं कोण अन् शेवटचं कोण, काय फरक पडतो? जवळचा जोड बघ अन् सरळ नळी टाक."

मंडळी, हे गणित दहावीचं आहे. मी आठवडाभर त्या जिलबीवर डोकं खपवत होतो. एक गोष्ट मात्र त्यांनीही क्रमाने धरली: टाकी पंपाच्या वर आणि लगेच आधी, कारण पंप कोरडा चालता कामा नये. या पंपाला वंगण पाण्याचंच असतं.

दुसरा प्रश्न त्यांनी विचारला तो मला जास्त लागला. "अन् ही उष्णता जाते कुठं?" म्हटलं, रेडिएटरमधून बाहेर. "बाहेर म्हणजे?" म्हणजे हॉलमध्ये. ते हसायला लागले. परळीला कोळशातल्या उष्णतेपैकी साधारण तिसरा हिस्सा वीज व्हायची आणि निम्म्याच्या आसपास कंडेन्सरच्या पाण्यात जायची, तिथून कूलिंग टॉवरने आकाशात. "आमचा टॉवर निदान उघड्यावर होता. तुझ्या डब्यात शेवटी सगळ्या विजेची उष्णताच होते, अन् ती माझ्या बिछान्यापाशी सोडतोस."

अगदी खरं आहे. पाणी घातलं म्हणून उष्णता एक वॅटनेही कमी होत नाही. ५०० वॅट म्हणजे तासाला सुमारे १७०० बीटीयू, एक टनाच्या एसीच्या क्षमतेचा सातवा हिस्सा. टेक्ससच्या जुलैत बाहेर १०५ फॅरनहाइट असताना ती उष्णता तुमचा एसी उपसणार आणि बिल तुम्ही भरणार. आणि पाणी खोलीच्या तापमानाच्या खाली कधीच जात नाही. मित्राच्या मुलाला वाटतं तसं हे फ्रीज नव्हे. परळीच्या घरातला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर हवा खरोखर थंड करायचा, कारण तिथे पाणी उडून जातं. इथे पाणी बंद नळीत आहे. मिळतं ते एवढंच: उष्णता एका नखाएवढ्या जागेतून उचलून दोन हातभर लांबीच्या रेडिएटरांवर पसरवली, की पंखे सावकाश फिरले तरी भागतं. शांतता मिळते. तिचेच पैसे.

तांब्याचा रेडिएटर आला तो एका शनिवारी. पुढच्या गुरुवारी मला एका कंपनीचा घरी करून द्यायचा प्रोजेक्ट सादर करायचा होता. मॉडेल शिकवून झालं होतं, पण अजून दोन-तीन रात्री चालवलं असतं तर आकडे सुधारले असते. आणि गरम कार्डावर ते होत नव्हतं. मी हिशोब केला: शनिवारी जोडणी, रविवारी सकाळी चालू, हातात चार रात्री. हे मी अण्णांना सांगितलं नव्हतं. टीममधले सात जण गेल्याचंही सांगितलं नव्हतं. कशाला उगाच, चार दिवस आलेत तर आनंदात राहू दे, असं आपण सगळेच करतो.

कार्ड उघडताना माझे हात कापत होते हे लिहायला लाज नाही. ७०० डॉलरची वस्तू, बारीक बारीक स्क्रू, पंख्याच्या वायरचे पापुद्र्यासारखे जोड. जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसली. मेमरीवर थर्मल पॅड लावायचे असतात, मऊ चिकट पट्ट्या, आणि त्यांची जाडी ब्लॉकवाल्याने सांगितलेलीच हवी. अर्धा मिलिमीटर जाड लावलात तर मेमरीला पॅड टेकतो पण मधल्या मुख्य चिपेवर ठोकळा अधांतरी राहतो. अण्णांना हे एका वाक्यात कळलं, "गॅस्केट जाड झालं की फेस बसत नाही." स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे, फिरवून फिरवून आवळायचे हेही त्यांनीच करून घेतलं. पाना माझ्या हातात, नजर त्यांची.

नळ्या काळ्या रबरी घेतल्या होत्या, ईपीडीएमच्या. काचेसारख्या कडक नळ्या दिसायला देखण्या, पण गरम करून वाकवाव्या लागतात आणि एक सेंटिमीटर चुकलं की नवी नळी. मुलीला गुलाबी पाणी हवं होतं. रंगाचं पाणी महिन्यांनी थर धरतं म्हणून नाही म्हणालो, तर ती आजोबांकडे तक्रार घेऊन गेली. शेवटी डब्यात गुलाबी दिवा लावून तडजोड झाली.

शनिवारी रात्री साडेदहाला जोडणी पूर्ण झाली. मी डिस्टिल्ड वॉटरचा गॅलन उघडायला घेतला. (किराणा दुकानात दीड डॉलरला मिळतं. नळाचं घालू नका, ज्यांनी मराठवाड्यातल्या कूलरच्या जाळीवरचा पांढरा थर खरवडलाय त्यांना कारण सांगायला नको. त्यात गंज आणि शेवाळं न होऊ देणारं औषध मिसळायचं. आणि डिस्टिल्ड पाण्यातून वीज जात नाही म्हणून गळलं तरी चालतं, या भ्रमात राहू नका. धातूंमधून आणि धुळीतून फिरलं की ते जातीचं शुद्ध राहत नाही.)

"हायड्रो केलीस?" अण्णा म्हणाले.

बॉयलरची हायड्रो टेस्ट दीडपट दाबाने करतात. इथे पाण्याने नाही, हवेने करतात. सायकलच्या पंपासारखा छोटा हातपंप मिळतो, त्याला काटा असतो. अर्ध्या बारपर्यंत हवा भरायची आणि काटा बघत बसायचं. भरली. पंधरा मिनिटांत काटा थोडा सरकला. अगदी थोडा, रेघेच्या या बाजूचा त्या बाजूला. मी म्हटलं, पंपाच्या जोडातूनच जात असेल, एवढं चालतं. अण्णा म्हणाले, चालत नाही. परत भरली. परत तेवढाच सरकला.

"सुरुवातीला थेंबच असतो," ते म्हणाले.

आणि मी चिडलो. अकरा वाजले होते. म्हटलं, अण्णा, हे थर्मल नाहीये, मला हे उद्या चालू हवंय. का हवंय ते मग एका दमात सगळं बाहेर आलं. सात जण, साठ दिवस, गुरुवार. आतून बायको बाहेर आली, आणि परत आत गेली.

अण्णा काही बोलले नाहीत. स्वयंपाकघरात गेले, वाटीत भांड्याच्या साबणाचा फेस केला, देवापुढचा लहान ब्रश घेतला, आणि एकेका जोडावर फेस लावायला बसले. आपण गॅस सिलिंडरला लावतो तसा. मी बाजूला बसून राहिलो. फेस लावता लावता म्हणाले, "जुलै २०१५ ला प्लांट बंद पडला होता, ठाऊक आहे ना?"

तेवढं ठाऊक होतं. दुष्काळाचं साल, गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणी उरलं नाही, आणि परळीचं थर्मल पाण्यावाचून बंद करावं लागलं. मी तेव्हा इथे एमएस करत होतो. फोनवर अण्णा म्हणायचे, मजेत आहे, काम कमी आहे.

"मला कोराडीला धाडलं होतं. खोली घेऊन राहिलो सात महिने. तुझी आई एकटी. कंत्राटी पोरं तर घरीच बसली. माझ्या हाताखालचा एक जण पुण्याला वॉचमन झाला."

"तुम्ही सांगितलं नाहीत."

"तुझी परीक्षा होती. तू तरी कुठं सांगितलंस?"

मग बराच वेळ कोणी बोललं नाही. वरच्या रेडिएटरच्या डाव्या जोडापाशी बारीक बुडबुडे दिसले. जोड उघडला तर ओ-रिंग एका बाजूला चिमटून कापली गेली होती, नखाएवढी. मीच आवळली होती, जास्त जोर लावून. हा जोड कुठे होता ते सांगतो: बरोबर ग्राफिक कार्डाच्या डोक्यावर.

सुटी ओ-रिंग पाकिटात होती. बदलली, हाताने आवळली. काटा अर्धा तास हलला नाही. पाणी भरलं. आता फक्त पंप चालवायचा, बाकी सगळ्याची वीज काढलेली. पॉवर सप्लायला मदरबोर्डशिवाय चालू करायला त्याच्या मोठ्या प्लगच्या दोन ठरावीक खाचा जोडाव्या लागतात, त्याचं टोपण मिळतं. पंप सुरू झाला, टाकीतलं पाणी खाली गेलं, पुन्हा भरलं, पुन्हा गेलं. नळ्यांतली हवा गुळगुळत फिरत होती. मग डबा पुढे मागे कलता करायचा, म्हणजे कोपऱ्यात अडकलेले बुडबुडे टाकीकडे येतात. तान्ह्या बाळाला ढेकर काढायला लावतात तसंच.

प्रत्येक जोडाखाली पेपर टॉवेल ठेवले. अण्णा म्हणाले, २४ तास. मी हो म्हणालो. वाद घालायची इच्छा उरली नव्हती.

रात्री तीनला पाणी प्यायला उठलो तर अण्णा खुर्चीवर बसलेले, हातात बॅटरी. दर तासाला टॉवेल बघत होते. म्हटलं, झोपा की. म्हणाले, "नाइट शिफ्ट आहे." मग म्हणाले, "अन् ह्या तुझ्या जुन्या पंख्यांचा मला कुठं त्रास होता रे? कॉलनीत छत्तीस वर्षं प्लांटच्या आवाजात झोपलो. बंद पडला तेव्हाच झोप गेली होती."

म्हणजे ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला त्यांना आवाज हवाच होता. असो.

रविवारी रात्री टॉवेल कोरडे. कॉम्प्युटर चालू केला, कार्ड ३५० वॅटवर सोडलं, तासभर वाट पाहिली. खोली २६ डिग्री, पाणी ३८, कार्डाची मुख्य चिप ७८ वरून ५२. पंखे मिनिटाला ९०० फेऱ्यांवर, म्हणजे जवळ कान नेला तरच कळेल. प्रोसेसरने मात्र निराशा केली, सहा-सात डिग्रीच उतरला. कारण साधं आहे. ग्राफिक कार्डाची चिप ६२८ चौरस मिलिमीटर, प्रोसेसरचे कोर ज्या दोन तुकड्यांवर आहेत ते एकेक ८१ चौरस मिलिमीटरचे. एवढ्याशा जागेतून उष्णता ठोकळ्यापर्यंत पोचतानाच अडते, पलीकडे पाणी असो की गंगाजल. नुसत्या प्रोसेसरसाठी कोणी हा खर्च करत असेल तर माझ्या मते करू नये, चांगला हवेचा कूलर पुरतो.

पाठीवरची मेमरी ९६ वर होती. १०६ पेक्षा बरी, पण मनासारखी नाही. अण्णांनी कार्डाच्या पाठीच्या पत्र्याला हात लावून पाहिला आणि झटकन काढला. दुसऱ्या दिवशी माझ्या भंगाराच्या डब्यातून जुन्या प्रोसेसरची दोन अ‍ॅल्युमिनियमची हीटसिंक शोधून काढली. "इथं चालतं अ‍ॅल्युमिनियम. पाणी नाही ना." थर्मल पॅडने ती पत्र्यावर चिकटवली, त्यावर एक छोटा पंखा. मेमरी ८४ वर आली. दिसायला अगदी भिकार दिसतं. अजून तसंच आहे.

गुरुवारचा प्रोजेक्ट चारऐवजी तीन रात्री चालवून दिला. निवड झाली नाही. अजून एक रात्र मिळाली असती तर झाली असती का, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलंय, आणि त्यावर ती कापलेली ओ-रिंग डोळ्यापुढे येते. ती तशीच राहिली असती तर कार्डच गेलं असतं, आणि मग कुठलाच प्रोजेक्ट नाही. ऑक्टोबरमध्ये आमच्याच कंपनीत दुसऱ्या टीममध्ये जागा निघाली, तिथे हे शिकलेलं कामी आलं. त्या जुन्या टीममधले उरलेले पुढच्या वर्षी गेले.

आता खर्च, कारण मित्राला तेच हवंय. सगळं मिळून ६४० डॉलर झाले. बायकोने त्याच दिवशी इंटरनेटवर बघून सांगितलं की एवढ्यात साधारण हैदराबादचं एकेरी तिकीट येतं. वर्षातून एकदा पाणी बदलायचं, त्यात एक शनिवार जातो. घर बदलताना डबा रिकामा करावा लागतो. तर बाळा, तुझं कार्ड २००-२५० वॅटचं असेल तर हे करू नकोस. त्याला मोठा डबा, तीन चांगले पंखे आणि वीज थोडी कमी, एवढं पुरे. ३५० च्या वरचं कार्ड तासन् तास भरात चालत असेल तरच विचार कर. आणि केलंसच तर सगळे धातू तांब्याच्या जातीचे घे, निकेल चढवलेलं चालेल, ओ-रिंग हाताने आवळ, आणि टॉवेल २४ तास ठेव. चोवीस म्हणजे चोवीस.

अण्णा नोव्हेंबरमध्ये परत गेले. जाताना टाकीवर मार्करने एक रेघ मारून गेले आणि बाजूला तारीख घातली, परळीच्या लॉगबुकात घालायचे तशी. रबरी नळीतून पाणी अगदी हळू उडतं, वर्षात बोटभर उतरतं, ते मी भरतो. दर रविवारी सकाळी फोन येतो. आधी नातीशी बोलतात, मग बायकोशी. माझ्याकडे फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "लेव्हल किती?" मी टेबलाखाली वाकून बघतो आणि सांगतो. मग ते म्हणतात, "अन् नोकरी?"

तेही सांगतो आता.